लॉस एंजेलिसच्या बंकर हिलवरचे ट्रामचे बोगदे आणि गायब झालेले रस्ते कसे शोधायचे

डाउनटाऊनमध्ये हिल स्ट्रीट आणि थर्ड स्ट्रीटच्या कोपऱ्यावर उभं राहून पश्चिमेला बघितलं की समोर बोगद्याचं तोंड दिसतं. चांगला मोठा, गाड्या आतबाहेर करणारा बोगदा. आपल्याकडे खंडाळ्याला बोगदा दिसला की वर डोंगर असतोच, इथे वर बघितलं तर इमारती, काँक्रीटचे चौथरे आणि कुंड्यांमधली झाडं. मग डोंगर गेला कुठे? मी इथे नोकरीला लागलो तेव्हा रोज येताजाता हाच प्रश्न पडायचा आणि त्यातूनच हे वेड लागलं. आता कोणी पाहुणे आले की मी त्यांना हॉलिवूडची पाटी दाखवायच्या आधी बंकर हिल या टेकडीवर घेऊन जातो, आणि दर वेळी तेच तेच सांगावं लागतं म्हणून एकदा नीट लिहून काढतोय, म्हणजे नवीन माणसाला एकट्यानेही जाता येईल.

आधी थोडक्यात पार्श्वभूमी सांगतो, कारण ती नसेल तर चालून नुसते पाय दुखतील. १८६७ मध्ये प्रुडंट बोड्री नावाच्या माणसाने ही टेकडी लिलावात ५१७ डॉलरला घेतली, वर पाणी चढवलं, प्लॉट पाडून विकले, पुढे तो शहराचा मेयरही झाला. टेकडीवर श्रीमंतांचे मोठमोठे लाकडी व्हिक्टोरियन बंगले उभे राहिले. मग श्रीमंत मंडळी आणखी पश्चिमेला सरकली आणि या बंगल्यांमध्ये खोल्याखोल्यांनी भाडेकरू आले, अगदी आपल्या पुण्यातल्या वाड्यांचं झालं तसंच. शेवटी १९५९ मध्ये सिटी कौन्सिलने पुनर्विकासाची योजना मंजूर केली, सुमारे १३३ एकर, आणि पुढच्या काही वर्षांत हजारो लोकांना हलवून घरं पाडली, टेकडीचा माथा छाटला, रस्ते पुसले. पुनर्विकास हा शब्द मुंबईच्या माणसाला समजावून सांगायला नको.

आता यातली गंमत लक्षात घ्या, सगळी शोधाशोध हिच्यावरच चालते. घरं गेली, रस्ते गेले, टेकडीची उंचीसुद्धा कमी झाली, पण तिच्या पोटातून गेलेले दोन मोठे बोगदे जिथल्या तिथे राहिले. म्हणून सुरुवात नेहमी बोगद्यापासून करायची. जुन्या फोटोत बोगद्याचं तोंड सापडलं की आज ते कुठे आहे हे पक्कं ठाऊक असतं, आणि तिथून डावीकडे किती, उजवीकडे किती, वर किती असं मोजत गेलं की हरवलेलं शहर हळूहळू जागेवर बसायला लागतं.

स्टेप १: घरी बसून रस्त्यांची नावं पाठ करा

हे कंटाळवाणं वाटेल पण करा. पूर्वेकडून पश्चिमेला जाताना मेन, स्प्रिंग, ब्रॉडवे, हिल, ऑलिव्ह, ग्रँड, होप, फ्लॉवर, फिगरोआ असा क्रम आहे. यात दोन नावं मध्ये घुसवायची, जी आज तिथे नाहीत. हिल आणि ऑलिव्हच्या मध्ये क्ले स्ट्रीट होता, अरुंद, जवळपास गल्लीच, आणि ग्रँड आणि होपच्या मध्ये बंकर हिल अ‍ॅव्हेन्यू. टेकडीला ज्याचं नाव तो रस्ताच अख्खा नाहीसा झालाय, याचं मला अजूनही वाईट वाटतं.

काही नावं बदललेलीसुद्धा आहेत. ब्रॉडवेचं पूर्वीचं नाव फोर्ट स्ट्रीट, कारण तो फोर्ट मूरच्या टेकडीकडे जायचा. ग्रँडचं नाव आधी चॅरिटी होतं, शेजारी होप आहेच, म्हणजे आशा आणि दानधर्म असे शेजारशेजारचे रस्ते. एकोणिसाव्या शतकातल्या नकाशात ग्रँड सापडत नाही म्हणून घाबरू नका, चॅरिटी शोधा.

स्टेप २: घरनंबरांचं गणित शिका

हे एकदा जमलं की अर्धं काम झालं. इथले नंबर फर्स्ट स्ट्रीट आणि मेन स्ट्रीटपासून मोजतात. साउथ म्हणजे फर्स्टच्या दक्षिणेला, आणि नंबर तीनशेच्या घरात असेल तर ते घर थर्ड आणि फोर्थच्या मध्ये, चारशेच्या घरात असेल तर फोर्थ आणि फिफ्थच्या मध्ये. या उत्तर-दक्षिण रस्त्यांवर विषम नंबर पश्चिमेच्या बाजूला.

उदाहरण घेऊन बघू. ३२५ साउथ बंकर हिल अ‍ॅव्हेन्यू या पत्त्यावर एक प्रसिद्ध बंगला होता, लोक त्याला द कॅसल म्हणायचे. रस्ताच नाही तर पत्ता कसा शोधणार? तर तीनशे म्हणजे थर्ड आणि फोर्थच्या मध्ये, रस्ता ग्रँड आणि होपच्या मध्ये, नंबर विषम म्हणजे त्या रस्त्याच्या पश्चिमेला, होपच्या अंगाला. आता आजच्या नकाशावर बोट ठेवा, वेल्स फार्गो सेंटरचा ब्लॉक लागतो. काचेच्या त्या टॉवरांच्या पायाशी कधीकाळी रंगीत काचेचा दरवाजा असलेला लाकडी बंगला होता. तो आणि त्याच रस्त्यावरचा सॉल्ट बॉक्स, ३३९ नंबरचा, ही दोन घरं पाडापाडीतून वाचवली होती बरं का, १९६९ मध्ये उचलून मॉन्टेसिटो हाइट्सला हेरिटेज स्क्वेअरमध्ये नेऊन ठेवली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कोणीतरी दोन्ही जाळून टाकली. म्हणजे टेकडीवरून वाचलेली घरं तिकडे जाऊन गेली.

स्टेप ३: सॅनबॉर्न नकाशा वाचायला शिका

अमेरिकेत आगीच्या विम्यासाठी सॅनबॉर्न कंपनी एकेका घराचा नकाशा काढायची, ५० फुटाला १ इंच अशा मोठ्या स्केलवर. काँग्रेसच्या लायब्ररीच्या साइटवर लॉस एंजेलिसचे जुने नकाशे फुकट बघता येतात, आणि शहराच्या पब्लिक लायब्ररीचं कार्ड काढलं तर त्यातून आणखी मिळतात. कार्ड आधी काढाच, इतर शंभर कामाला येतं.

नकाशा उघडल्यावर आधी रंग बघा. पिवळा म्हणजे लाकूड, गुलाबी म्हणजे वीट, निळा म्हणजे दगड. बंकर हिलचं पान उघडलं की सगळं पिवळंच पिवळं दिसतं आणि खाली ब्रॉडवे-स्प्रिंगकडे गुलाबी होत जातं, खाली विटांची बाजारपेठ आणि वर लाकडाची राहती वस्ती हे रंगावरूनच कळतं. प्रत्येक घरावर छोटा आकडा असतो तो मजल्यांचा. डी लिहिलं असेल तर राहतं घर, एस म्हणजे दुकान. मग त्याच जागेचं नंतरच्या वर्षीचं पान काढा आणि त्याच घरावर डीच्या ऐवजी भाड्याच्या खोल्या किंवा फ्लॅट्स असं लिहिलेलं सापडतंय का ते बघा. मी एकदा रात्री जेवण झाल्यावर एक ब्लॉक बघायला बसलो आणि एकेक डी पुसला जाऊन तिथे खोल्या येताना बघता बघता दोन वाजले, पुस्तकात वस्ती बदलली असं एक वाक्य असतं पण इथे ती घराघराने बदलताना दिसते.

जुन्या फोटोंसाठी पब्लिक लायब्ररीचा फोटो संग्रह आणि यूएससी या इथल्या विद्यापीठाची डिजिटल लायब्ररी हे दोन पुरे आहेत सुरुवातीला. शोधताना बंकर हिल एवढंच टाकू नका, रस्त्यांच्या जोड्या टाका, थर्ड आणि हिल, सेकंड आणि ऑलिव्ह अशा. पाच-सहा फोटो फोनमध्ये घ्या, त्यातल्या प्रत्येकात निदान एक तरी आजही असलेली गोष्ट दिसायला हवी, बोगद्याचं तोंड, सिटी हॉलचा मनोरा, काहीही. तसं काही नसलेला फोटो कितीही सुंदर असला तरी पहिल्या फेरीला उपयोगाचा नाही.

स्टेप ४: पर्शिंग स्क्वेअर स्टेशनवर उतरा

कार आणू नका, पार्किंगचे पैसे आणि डोकेदुखी दोन्ही वाचतील. मेट्रोची बी किंवा डी लाइन घ्या, पर्शिंग स्क्वेअरला उतरा आणि फोर्थ स्ट्रीटच्या बाजूने बाहेर या. शेजारीच ४१७ साउथ हिल, सबवे टर्मिनल बिल्डिंग. आता यात अपार्टमेंट्स आहेत त्यामुळे आत घुसू नका, बाहेरून बघा, बघण्यासारखी आहे.

या इमारतीच्या पोटात पॅसिफिक इलेक्ट्रिक या ट्राम कंपनीच्या लाल गाड्यांचं टर्मिनस होतं. त्या काळी पॅसिफिक इलेक्ट्रिकचं जाळं हजार मैलांच्या वर पसरलेलं होतं, पण डाउनटाऊनमध्ये या गाड्यांना मोटारींच्या गर्दीतूनच वाट काढावी लागायची आणि वेळ जायचा तो इथेच. म्हणून १९२४ मध्ये खोदकाम सुरू करून १९२५ च्या शेवटी एक मैलभर लांबीचा बोगदा सुरू केला, या इमारतीखालून निघून बंकर हिलच्या पोटातून पार पश्चिमेला ग्लेंडेल बुलेव्हार्डपाशी बाहेर. हॉलिवूड, ग्लेंडेल, बरबँक, सॅन फर्नांडो व्हॅली इकडच्या गाड्या त्यातून जायच्या. १९ जून १९५५ ला शेवटची गाडी गेली आणि तिच्यावर विस्मृतीकडे अशा अर्थाचा फलक लावला होता. त्यानंतर थेट १९९३ मध्ये तुम्ही आत्ता जिथून वर आलात ते स्टेशन उघडलं.

तो बोगदा पूर्ण चालता येतो का असं सगळे विचारतात. नाही. मधला भाग १९६० च्या दशकात भरून टाकला आणि नंतर बोनाव्हेंचर हॉटेलचा पाया त्याच्या वाटेत आला, त्यामुळे दोन टोकं उरलीत आणि मध्ये तुटलंय.

स्टेप ५: एंजल्स फ्लाइट

हिल स्ट्रीटने उत्तरेला चालायला लागा. उजव्या हाताला ग्रँड सेंट्रल मार्केट, १९१७ पासूनचं, इथे पाणी पिऊन घ्या, काहीतरी खाऊन घ्या. समोरच नारिंगी-काळी कमान आणि टेकडीला टेकून ठेवलेल्या दोन तिरक्या डब्यांची गाडी. नावं सायनाय आणि ऑलिव्हेट. ३१ डिसेंबर १९०१ ला सुरू झाली तेव्हा तिकीट एक सेंट होतं, लांबी तीनशे फुटांच्या आसपास, पण चढ असा की बाजारहाट करून पिशव्या घेऊन रोज चढायचा म्हटलं तर माणूस वैतागेल. विहिरीच्या रहाटाला दोन पोहरे असले की एक खाली जाताना दुसरा वर येतो, तसंच हे, दोन्ही डबे केबलच्या आधाराने एकमेकांना तोलतात आणि मध्यावर एकमेकांना बाजू देऊन निघून जातात. जरूर बसा. टॅप कार्ड, म्हणजे मेट्रोचं तिकीट कार्ड, असेल तर तिकिटात सूट आहे.

एक गोष्ट मात्र नक्की लक्षात ठेवा, नाहीतर सगळे जुने फोटो चुकीच्या जागी लावाल. ही गाडी आज जिथे आहे तिथे मुळात नव्हती. ती थर्ड स्ट्रीटच्या बोगद्याला अगदी खेटून होती, हिलवरून पश्चिमेला बघितलं की डावीकडे गाडी आणि उजवीकडे बोगदा. १९६९ मध्ये पुनर्विकासासाठी काढली, लवकरच परत बसवू म्हणाले, आणि परत यायला १९९६ उजाडलं, तेही अर्धा ब्लॉक दक्षिणेला. नंतर २००१ मध्ये अपघात होऊन एक प्रवासी दगावला, मधेमधे वर्षानुवर्षं बंद राहिली, २०१७ पासून पुन्हा सुरू आहे. जुन्या जागी तिचे रूळ क्ले स्ट्रीटच्या वरून पुलासारखे जायचे, म्हणून जुन्या फोटोत डब्याखालून एक रस्ता आडवा जाताना दिसला तर तोच क्ले स्ट्रीट.

मी माझ्या बाबांना इथे आणलं होतं. त्यांचं लहानपण दादरचं. डब्यातल्या लाकडी बाकावर बसून ते दांड्याला धरून गप्प बसले होते, वर पोचल्यावर म्हणाले, आमच्या ट्रामचा आवाज वेगळा होता. मग मी त्यांना तारखा सांगितल्या. लॉस एंजेलिसची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६३ ला बंद झाली आणि मुंबईची बोरीबंदर ते दादर शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला, बरोबर एक वर्षाने, तारीखसुद्धा तीच. ट्राम जाऊन साठ वर्षं झाली तरी दादर टीटी म्हणतातच ना लोक, त्यातल्या एका टीचा अर्थ ट्राम आहे हे आता किती जणांना माहितीये कोण जाणे. ज्याला दादर टीटी कळलं त्याला सबवे टर्मिनल बिल्डिंग हे नाव आपोआप कळतं.

स्टेप ६: दोन बोगदे, एक असलेला आणि एक नसलेला

लगेच वर भटकू नका, परत खाली हिलवर या आणि थर्डच्या बोगद्यासमोर उभे राहा. हा १९०१ चा, हिलपासून फ्लॉवरपर्यंत. टेकडीपलीकडच्या लोकांना बाजारात यायला वळसा पडायचा म्हणून खोदलेला. फोनमधला जुना फोटो काढा आणि तोंडाची कमान जुळवा, डावीकडची एंजल्स फ्लाइटची मोकळी झालेली जागा बघा, आता तिथे अँजेलस प्लाझाच्या वृद्धांसाठीच्या इमारती आहेत. पाच मिनिटं नुसतं बघत राहा, घाई करू नका. या सगळ्या फेरीत हीच जागा मला सगळ्यात जास्त आवडते.

मग एक ब्लॉक उत्तरेला सेकंड स्ट्रीटचा बोगदा, १९२४ चा, सुमारे १५०० फूट, हिलपासून फिगरोआपर्यंत. हा तुम्ही आधी बघितलेला असणारच, गाड्यांच्या जाहिरातींमध्ये जो चकचकीत पांढरा बोगदा दिसतो ना, तोच. टाइल्स जर्मनीहून आणलेल्या. तोंडाशी दहा-पंधरा पावलं आत जाऊन भिंतीकडे जवळून बघा, लांबून सलग पांढरी वाटणारी भिंत जवळ गेल्यावर धुराने राखाडी झालेली दिसते आणि एखादी कार हेडलाइट लावून आली की तो उजेड टाइल्सवरून पाण्यासारखा पुढे पुढे सरकत जातो. फुटपाथ अरुंद आहे, दिवसाच जा, एकटे असाल तर तोंडापासूनच बघा, आरपार चालत जायचा अट्टहास नको, आत धूर आणि आवाज फार असतो.

आणि आता तिसरा, जो नाहीये. हिलवरून तसेच उत्तरेला फर्स्ट स्ट्रीट ओलांडा. इथून टेम्पल स्ट्रीटपर्यंत हिल स्ट्रीट टेकडीच्या पोटातून जायचा, १९०९ मध्ये ट्रामसाठी एक बोगदा आणि १९१३ मध्ये शेजारी मोटारींसाठी दुसरा, जुन्या फोटोत दोन नाकपुड्यांसारखे दिसतात. १९५५ मध्ये ती टेकडीच कापून काढली, मग बोगदा राहणार कशात? आज हिलवरून सरळ उघड्यावर चालत ग्रँड पार्कपर्यंत जाता येतं. इथे एकच काम करा, पार्कच्या मध्ये हिलवर उभं राहून पश्चिमेला म्युझिक सेंटरकडचा चढ आणि पूर्वेला सिटी हॉलकडचा उतार बघा आणि मनातल्या मनात डोक्यावर टेकडी चढवा. याच भागात ब्रॉडवे ते हिल चढणारी कोर्ट फ्लाइट नावाची दुसरी तिरकी गाडीही होती, १९०५ ते १९४३.

स्टेप ७: वरचा भाग

ग्रँडवर चढा. डिस्ने हॉल, ब्रॉड म्युझियम हे सगळं तुम्ही बघालच, त्यावर मी लिहीत नाही. फक्त एक सूचना, ग्रँड अ‍ॅव्हेन्यू इथे दुमजली आहे, वर एक आणि खाली लोअर ग्रँड, त्यामुळे फोनचा जीपीएस वेड्यासारखा उड्या मारतो. त्याच्यावर विसंबू नका, स्टेप २ चं गणित वापरा. थर्डच्या पुढे वेल्स फार्गोच्या ब्लॉकपाशी ग्रँड आणि होपच्या बरोबर मध्ये जाऊन उभे राहा, तुम्ही बंकर हिल अ‍ॅव्हेन्यूवर उभे आहात. मला एकदा अशा एका आवारात फोटो काढताना सिक्युरिटीने हटकलं होतं, रीतसर काय शोधतोय ते सांगितलं, नकाशा दाखवला, तर तेच दहा मिनिटं कुतूहलाने बघत बसले. नीट बोललं की लोक मदत करतात.

परतायला होप स्ट्रीटवरून सेंट्रल लायब्ररीकडे उतरणाऱ्या बंकर हिल स्टेप्स घ्या, उतरताना गुडघे सांगतात टेकडी अजून किती उरलीय ते. गुडघ्यांची तक्रार असेल तर सेकंड आणि होपला ग्रँड अ‍ॅव्हेन्यू आर्ट्स बंकर हिल हे २०२३ मध्ये उघडलेलं स्टेशन आहे, प्लॅटफॉर्म सुमारे शंभर फूट खाली, लिफ्ट आहेत.

स्टेप ८: बोगद्याचं दुसरं टोक

हे वेगळ्या दिवशी करा. ४१७ हिलखालून निघालेल्या ट्रामच्या बोगद्याचं पश्चिमेचं तोंड वेस्ट सेकंड स्ट्रीट आणि ग्लेंडेल बुलेव्हार्डजवळ आहे. बरीच वर्षं ती जागा ओसाड होती आणि ग्राफिटीवाल्यांची पंढरी झाली होती, आता अपार्टमेंट्स उभी आहेत, तोंड बंद करून त्यावर चित्र रंगवलंय. शेजारी टोलुका सबस्टेशनची जुनी इमारत, इथून गाड्यांना वीज मिळायची. आवार खाजगी आहे, बाहेरूनच बघा, कुंपण ओलांडू नका. चित्र बघून झालं की मागे वळा आणि लांबवर डाउनटाऊनचे टॉवर दिसतात त्यांच्याकडे बघा, गाडी या तोंडातून आत शिरली की थेट तिकडे सबवे टर्मिनल बिल्डिंगच्या पोटात पोचायची.

शेवटचं काम घरी आल्यावरचं. काढलेल्या प्रत्येक फोटोला तारीख, ब्लॉक आणि तुम्ही कोणत्या दिशेला तोंड करून उभे होतात हे त्याच दिवशी लिहून ठेवा. मी पहिल्यांदा गेलो होतो तेव्हा डिस्ने हॉलसमोर ग्रँडच्या पलीकडे नुसतं पार्किंग होतं, मी त्याचा एकच फोटो काढला होता, तोही चुकून, हॉलचा काढताना मागे वळलो म्हणून. २०२२ मध्ये तिथे द ग्रँड नावाचे दोन उंच टॉवर उघडले. त्या फोटोवर मी तारीख लिहिली नव्हती, आणि आता कितीही आठवलं तरी महिना आठवत नाही.